आडवं जाणाऱ्यांचा रस्ता

एका शनिवारी तलासरीला जाऊन आलो. ऑफिसातले जुने कॉम्प्युटर एका शाळेला द्यायचे होते आणि माझ्या गाडीची डिकी मोठी, म्हणून हमाली माझ्याकडे आली. मनोर गेलं, चारोटी गेलं, महालक्ष्मीचं देऊळ गेलं. मुंबई-अहमदाबाद हायवेवर शनिवारी सकाळीसुद्धा ट्रकांची माळ तुटत नाही.

गाव हायवेच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. नाव मुद्दाम देत नाही. शाळा एका अंगाला, निम्मे पाडे दुसऱ्या अंगाला. मी पोचलो तेव्हा सकाळची शाळा सुटत होती. गळ्यात शिट्टी, हातात लाल फडकं घेतलेले एक गृहस्थ डिव्हायडरच्या कटमध्ये उभे होते आणि त्यांच्यामागे तेवीस पोरं एका रांगेत. (हो, मोजली. सवय!) ट्रकांच्या माळेत जरा फट पडली, शिट्टी वाजली, आणि अख्खी रांग तीन लेन पळत पार झाली. ते गृहस्थ म्हणजे शाळेचे गुरुजी. हे काम ते रोज दोनदा करतात. येत्या मे महिन्यात ते रिटायर होतायत.

"सर, इथे पादचारी पूल का मागत नाही तुम्ही?" मी आपला शहरी प्रश्न विचारला.

"कुणाकडे मागायचा ते तुम्ही सांगा, लगेच मागतो," असं म्हणून त्यांनी कपाटातून एक फाईल काढली.

मी ती चहा होईपर्यंत वाचली. पहिल्या पानावर ग्रामसभेचा ठराव. मग एका कार्यालयाचं उत्तर: सदर रस्ता आमच्या अखत्यारीत येत नाही. दुसऱ्याचं: आपले पत्र पुढील कार्यवाहीसाठी अमुक कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. तिसऱ्याचं: राष्ट्रीय महामार्गाला लागून असलेल्या गावरस्त्याबाबत स्थानिक संस्थेने प्रस्ताव सादर करावा. म्हणजे गाडी परत ग्रामपंचायतीच्या दारात! प्रत्येक पत्रावर जावक क्रमांक, तारीख, सही, शिक्का सगळं चोख. कुणी उद्धट बोललेलं नाही, कुणी पत्र दाबून ठेवलेलं नाही. आणि नियमाप्रमाणे बघितलं तर कुणीच खोटं लिहिलेलं नाही. म्हणून तर मी कार्यालयांची नावं देत नाहीये.

आपल्या धंद्यात हे रोज चालतं. बग सापडला की पहिली टीम म्हणते आमच्या मॉड्यूलमध्ये नाही, दुसरी म्हणते आमच्याही नाही, आणि दोघंही बरोबर असतात, कारण बग दोन मॉड्यूलच्या मधल्या जागेत असतो. फरक इतकाच की आपल्याकडे फार तर रिलीज पुढे जातो.

घरी आल्यावर डोक्यातून ती फाईल जाईना. रस्त्यांना मालक असतात हे ठीक, पण ही वाटणी केली कुणी आणि कधी? पुढचे दोन वीकेंड त्यात गेले. जे हाती लागलं ते सांगतो.

सुरुवात एका आण्यापासून. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात सरकारने शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ज्यादा घ्यायला सुरुवात केली. हाच 'लोकल फंड'. १८६९ च्या कायद्याने त्याला पक्कं रूप आलं. गावाकडचे रस्ते, शाळा, दवाखाने यातून चालवायचे. १८८४ मध्ये रिपनच्या काळात लोकल बोर्डं आली आणि हा फंड त्यांच्याकडे गेला. मोठे, लष्कराला आणि व्यापाराला लागणारे रस्ते मात्र सरकारच्या बांधकाम खात्याकडेच राहिले. 'मोठा रस्ता वरच्यांचा, छोटा रस्ता खालच्यांचा' ही वाटणी इतकी जुनी आहे.

मग मोटारी आल्या, आणि बैलगाडीसाठी केलेले रस्ते उखडायला लागले. लोकल बोर्डांना दुरुस्ती झेपेना. त्यावर विचार करायला १९२७ मध्ये एक समिती नेमली गेली. अध्यक्ष कोण? आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीने १९२८ मध्ये सांगितलं की रस्त्यांचा विकास प्रांतांच्या आणि स्थानिक संस्थांच्या आवाक्याबाहेर चालला आहे, केंद्राने हात लावला पाहिजे. पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे ज्यादा कर बसला आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. म्हणजे रस्त्याचा पैसा आता शेतसाऱ्याऐवजी पेट्रोलमधून यायला लागला. पैसा देणारा बदलला की हळूहळू 'ग्राहक' पण बदलतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

खरी वाटणी झाली डिसेंबर १९४३ मध्ये, नागपुरात. सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते जमले आणि त्यांनी वीस वर्षांची योजना आखली. तीच 'नागपूर योजना'. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, मोठे आणि लहान जिल्हा मार्ग, आणि गावरस्ते, अशी उतरंड तिथे ठरली. आज सरकारी कागदावर 'प्रजिमा', 'इजिमा', 'ग्रामा' असे जे गूढ शब्द दिसतात (प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग) त्यांचं मूळ हे. योजना मनापासून केलेली होती. शेतीच्या भागात कुठलंही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा जास्त लांब असू नये, असा तिचा हिशेब होता.

पण एक गोष्ट बघा. उतरंडीतला प्रत्येक रस्ता 'कुठून कुठे जातो' यावरून ठरतो. राज्याकडून राज्याकडे, जिल्ह्याकडून जिल्ह्याकडे, गावाकडून बाजाराकडे. सगळी मोजणी उभी, रस्त्याच्या लांबीवरून. रस्ता ज्याला नुसता ओलांडायचा आहे, पलीकडच्या विहिरीवर, शेतावर, शाळेत जायचं आहे, त्याची हालचाल आडवी. त्याच्यासाठी या उतरंडीत रकानाच नाही.

आणि आडवं जाणारे लोक इथे कमी नव्हते. नागपूरची बैठक झाली त्यानंतर दीडच वर्षाने, २३ मे १९४५ ला, झरी गावात वारल्यांची मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा तिथून पेटला. हजारो माणसं आली ती जंगलातल्या पायवाटांनी, चालत. त्या पायवाटा कुठल्याच प्रतवारीत नव्हत्या. अजूनही बऱ्याचशा नाहीत.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. घटनेत राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या यादीत गेले, बाकी रस्ते राज्याच्या. १९५६ चा राष्ट्रीय महामार्ग कायदा आला. महामार्ग केंद्राच्या मालकीचे आणि देखभालीची जबाबदारीही केंद्राची, असं त्याने ठरवलं. दिल्ली-मुंबई रस्त्याला आठ नंबर मिळाला. (तोच २०१० च्या फेरक्रमांकात ४८ झाला, तरी निम्मे लोक अजून 'एनएच एट'च म्हणतात.) १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आला. १९६० मध्ये मुंबई राज्य फुटलं, उंबरगाव तालुक्याची वाटणी झाली, उंबरगाव गुजरातेत गेलं आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांची तलासरी झाली. म्हणजे हायवेवर राज्याची हद्दही आली. १९६१ च्या कायद्याने जिल्हा परिषदा आल्या आणि लहान रस्ते त्यांच्याकडे गेले. १९८८ च्या कायद्याने राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण तयार झालं. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली, अकराव्या अनुसूचीत पंचायतींच्या विषयांत रस्ते आणि पूल आले. १९९६ मध्ये पेसा कायदा आला. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात असल्यामुळे ग्रामसभेला खास वजन आलं. प्रकल्पासाठी जमीन घ्यायच्या आधी तिथे विचारविनिमय झाला पाहिजे. २००९ च्या सुमारास दहिसर ते सुरत हा २३९ किलोमीटरचा पट्टा 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' पद्धतीने सहापदरी करायचं काम सुरू झालं, म्हणजे टोलवाली कंपनीही चित्रात आली. आणि १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. हुश्श!

मोजा आता. सरांच्या कटपाशी उभं राहिलं तर ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, राज्याचं बांधकाम खातं, महामार्ग प्राधिकरण, त्यांचा कंत्राटदार, आणि पोलीस. सात जण. अपघात झाला तर पंचनामा करायला कोण येणार हे पक्कं ठरलेलं आहे. अपघात होऊ नये म्हणून कोण येणार हे नाही.

२००२ चा महामार्गांच्या जमीन आणि वाहतूक नियंत्रणाचा कायदा वाचताना तर मी खुर्चीत सरसावून बसलो. त्याच्या २८ व्या कलमाप्रमाणे महामार्ग प्रशासनाच्या सर्वसाधारण किंवा खास परवानगीशिवाय कुणालाही वाहनाने, किंवा पाच वा अधिक माणसांच्या गटाने पायी, महामार्गावर येण्याचा हक्क नाही. पाच! सरांच्या रांगेत तेवीस पोरं होती. कायद्याचा हेतू वाईट नाही, जिथेतिथे फाटे फुटू नयेत म्हणून तो केला आहे. पण त्याच्या नजरेतून गाव कसं दिसतं बघा. गाव आधीपासून तिथे आहे, हायवे नंतर रुंद झाला, आणि परवानगी मागायची गावाने.

हे असंच असायला हवं का? इथे मला त्याच डहाणूत एक उलटं उदाहरण सापडलं, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वीचं. रेल्वे!

१८६० च्या दशकात बीबीसीआय रेल्वेचे रूळ डहाणू, घोलवडवरून मुंबईकडे आले. त्यांनीही गावं, वाड्या, शेतं मधोमध कापली. पण रेल्वेच्या कायद्याने एक गोष्ट सुरुवातीलाच मान्य केली होती. १८९० च्या रेल्वे कायद्याचं ११ वं कलम सांगतं की रुळांमुळे आजूबाजूच्या जमिनीच्या वापरात जो खंड पडेल, तो भरून काढण्यासाठी सरकारला आवश्यक वाटतील तितके सोयीचे ओलांडे, पूल, मोऱ्या रेल्वेने बांधून द्यायच्या, आणि पुढे त्यांची निगाही राखायची. १९८९ च्या नव्या कायद्यातही ही जबाबदारी कायम आहे. म्हणूनच रेल्वेच्या प्रत्येक फाटकाला नंबर असतो. त्या नंबराचं रजिस्टर असतं. फाटकावर माणूस ठेवायचा की नाही, फाटक बंद करायचं तर पूल बांधायचा की भुयारी मार्ग, यावर निदान कागद हलतो, कारण त्या ओलांड्याला मालक आहे.

रूळ ओलांडताना माणसं मरत नाहीत असं मी अजिबात म्हणत नाही. लोकलने प्रवास करणाऱ्यांना ते सांगायलाही नको. पण रेल्वेने 'तुम्ही आधी इथे होता, वाट आम्ही तोडली' हे कायद्यात लिहून दिलं. १९५६ च्या महामार्ग कायद्यात मला असं कलम दिसलं नाही. कारण तेव्हाचा रस्ता म्हणजे दोन पदरी, झाडांच्या सावलीतला. बैलगाडीही त्यावरूनच जायची आणि म्हातारीही तो सहज ओलांडायची. रस्ता कधी भिंत होईल असं कुणाला वाटलंच नसेल.

४ सप्टेंबर २०२२ ला याच रस्त्याने सगळ्या देशाचं लक्ष वेधलं. चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला, त्यात ते आणि जहांगीर पंडोल गेले. पुलापाशी तीन लेनच्या दोन होतात, मागच्या सीटवर बेल्ट नव्हते, वेग जास्त होता, यावर महिनाभर चर्चा झाली. व्हायलाच हवी होती. नंतर इंटरनॅशनल रोड फेडरेशनने मांडोर ते अच्छाड अशा सुमारे ७० किलोमीटरची पाहणी केली. देखभाल अपुरी, पाट्या अपुऱ्या, आणि डिव्हायडरमध्ये दोन डझनांहून जास्त कट, असं त्यात निघालं.

ते वाचताना मला सरांचा कट आठवला. इंजिनियरच्या नजरेतून कट म्हणजे दोष. शंभरच्या वेगाने येणाऱ्या गाडीसमोर कुणीतरी अचानक यू-टर्न मारणार. शंभर टक्के खरं. (त्या दिवशी परत निघताना तो यू-टर्न मारणारा मीच होतो, हे कबूल करतो.) पण गावाच्या नजरेतून कट म्हणजे रस्ता. एकाच फटीला दोन नावं. उभं जाणारा म्हणतो बंद करा, आडवं जाणारा म्हणतो मग आम्ही जायचं कुठून? आणि या दोघांचं भांडण ऐकून निवाडा करणारं टेबल कुठे आहे?

आकडे हेच सांगतात. २०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले ३२,८२५ पायी चालणारे. एकूण रस्त्यांच्या लांबीत राष्ट्रीय महामार्ग दोन टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यू त्यांवर ६१,०३८, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. सरकारी व्याख्येप्रमाणे सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत पाच गंभीर किंवा प्राणघातक अपघात झाले, किंवा दहा माणसं दगावली, की तो 'ब्लॅक स्पॉट' ठरतो. सरांच्या कटमध्ये अजून तसं काही झालेलं नाही. का झालेलं नाही? कारण एक माणूस रोज दोनदा शिट्टी घेऊन उभा राहतो. त्याच्या यशामुळेच ती जागा कुठल्याच यादीत नाही!

गेल्या काही वर्षांत कायदा थोडा हललाय, हेही सांगायला हवं. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८-अ कलम आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या दर्जाची नसल्यामुळे कुणी मेलं किंवा जायबंदी झालं, तर जबाबदार यंत्रणेला, कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. त्याच दुरुस्तीतल्या १३८ (१-अ) प्रमाणे पादचाऱ्यांच्या वावराचे नियम राज्य सरकारने करायचे, आणि राष्ट्रीय महामार्गाच्या बाबतीत ते प्राधिकरणाशी सल्लामसलत करून करायचे. लक्षात आलं? रस्ता केंद्राचा, पण तो ओलांडणारा माणूस राज्याचा! निदान दोघांनी बोलायचं आहे, हे तरी पहिल्यांदा लिहिलं गेलं. ७ ऑक्टोबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं. फुटपाथ आणि क्रॉसिंगच्या तपासणीचाही आदेश दिला, मात्र तिची सुरुवात ५० मोठ्या शहरांपासून. तलासरीचा नंबर कधी लागेल तो लागो.

तेवढ्यात या भागात नवे रस्ते येतायत. दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवे आहे, वाढवण बंदरापासून त्याला जोडणारा ३२ किलोमीटरचा रस्ता आहे. म्हणजे आणखी उभ्या रेघा, आणि प्रत्येक रेघेवर कुणीतरी आडवं जाणार.

हे सगळं वाचून झाल्यावर सरांना फोन केला. म्हटलं, पूल मागणारं पत्र आता नको. त्याचं उत्तर आपल्याला पाठ आहे. या वेळी फक्त एक प्रश्न विचारू, तोही माहिती अधिकारात. तिथे निदान चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो. प्रश्न असा: अमुक किलोमीटरवर जो कट आहे, जिथून रोज मुलं ओलांडतात, त्या ओलांड्याचा मालक कोण? त्याचा नोंद क्रमांक काय? नसेल, तर 'नाही' असं लेखी द्या. आणि सोबत ग्रामसभेचा नवा ठराव. त्यात एकच मागणी: कट बंद करायचा असेल तर पलीकडे जायची दुसरी सोय आधी, बंदी नंतर. रेल्वेने १८९० मध्ये मान्य केलं तेवढंच.

सर थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ठराव होईल हो. ग्रामसभेत बायका त्यावर सगळ्यात आधी हात वर करतील. पण मे नंतर शिट्टी कुणाकडे द्यायची, ते काही कुठल्या कायद्यात सापडलं का?"

ते नाही सापडलं.

अर्ज गेला आहे. पोच आली की लिहीनच.